परसातला वाणी

पहिला मिलिपीड पाळायचा तर तो आपल्याच परसातला असावा, या मतावर मी ठाम आहे. हौशी लोक बहुतेक वेळा आफ्रिकेतल्या महाकाय मिलिपीडपासून सुरुवात करतात. तो जवळजवळ फूटभर वाढतो आणि नीट सांभाळला तर पाच-सात वर्षं जगतो. पण त्याचा पाला, त्याची माती आपल्याकडची नाही, आणि उद्या झेपेनासा झाला तर त्याला इथल्या रानात सोडणंही चूक. आमच्या देवगडकडच्या वाडीत पाऊस लागला की गडग्याच्या सांदीसांदीतून वाणी, म्हणजे इथले मिलिपीड, आपणहून बाहेर येतात. लोक खराट्याने लोटतात, कुणी वर मीठ टाकतं. मला ते बघवत नाही.

लेकीला सगळ्यांत मोठा हवा होता. मी मधल्या आकाराचा शोधला, कारण थोराड वाण्याचं किती आयुष्य उरलंय ते सांगता येत नाही. मिशा शाबूत आहेत ना, अंगाला कुठे चीर नाही ना, हे पाहिलं. चपट्या पाठीचे, पिवळे ठिपकेवाले मुद्दाम टाळले. त्यांच्यातले बरेच सायनाइड सोडतात. निवडलेला वाणी काचेच्या बरणीत घालून खालून पाहिला. नराच्या सातव्या वलयापाशी चालायचे पाय नसतात, तिथे खंड दिसतो. इथे रांग सलग होती, म्हणजे मादी. लेकीने तिचं नाव ठकी ठेवलं.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "घोण नाही ना गं ती? नीट बघ." विचारणं रास्तच होतं. घोणीला दर वलयाला पायांची एकच जोडी असते, ती शिकार करते आणि तिचा दंश जबर. वाण्याला बहुतेक वलयांना दोन जोड्या, आणि तो चावत नाही. डिवचला तर वेटोळं करतो आणि कुशीतून उग्र वासाचा द्रव सोडतो. कातडीवर त्याचे तपकिरी डाग पडतात, डोळ्यात गेला तर फार आग होते. म्हणून ठकीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा घरातला पहिला नियम.

खरं काम मातीचं. वाण्याला माती म्हणजे घर आणि जेवण दोन्ही, त्यामुळे तिचा थर निदान त्याच्या अंगाच्या लांबीइतका हवा. आम्ही काचेच्या टाकीत वीतभर भरली: परसातली भुसभुशीत माती, भुगा होईल इतकं कुजलेलं लाकूड आणि फणसाचा जुना, काळपट पडलेला पाला. आंब्याचा पाला इथे ढिगाने मिळतो, पण हापूसच्या बागांत फवारण्या होतात, म्हणून तिथलं एक पानही घेतलं नाही. वाण्याच्या अंगातलं पाणी चटकन उडतं, तेव्हा विहिरीचं पाणी एका बाजूला शिंपडायचं आणि दुसरी बाजू जरा कोरडी ठेवायची. चिखल मात्र नको. कवचाला चुना लागतो. किनाऱ्यावर वाहून आलेलं माकुलाचं हाड, म्हणजे समुद्रफेन, उगाळून मातीत मिसळलं. काकडीची चकती अधूनमधून, तीही बुरशी धरायच्या आत काढायची. टाकीचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले, कारण मुंग्यांइतका धोका दुसरा नाही.

तो धोका कात टाकताना सर्वांत मोठा. श्रावणात ठकी मातीत गेली ती वर येईना. लेक रोज विचारायची, "आई, उकरून बघूया ना?" मी उकरू दिलं नाही. वाणी मातीत पोकळी करून त्यात कात टाकतो. तेव्हा अंग पांढुरकं आणि इतकं मऊ असतं की नुसत्या धक्क्याने फाटावं. टाकलेली कात तो स्वतःच खातो, तिच्यातला चुना त्याला परत हवा असतो. आम्ही फक्त माती ओलसर ठेवत गेलो. नवरात्राच्या सुमारास एका सकाळी ती काकडीवर बसलेली दिसली, काळीभोर, पहिल्यापेक्षा जाड. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून काकडीची चकती त्याच कापून द्यायला लागल्या.

आता पाल्याखाली बारीक, फिकट पिल्लं फिरताना दिसतात. पावसात उचललेल्या मादीच्या पोटी अंडी असणारच होती. वाण्याचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याला पायांच्या तीनच जोड्या असतात. पुढे दर कातेला वलयं वाढतात, पाय वाढतात. सगळी टाकीत मावणार नाहीत. ठकी आणि दोन-तीन पिल्लं ठेवून बाकीची पुढच्या मृगात त्याच गडग्यापाशी सोडायची, असं आम्ही ठरवलंय, आणि तिथला पाचोळा यंदा जाळायचा नाही हे वाडीतल्या गड्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.