वायफायची डुलकी

रात्री पुन्हा तेच. लिनक्सवर वायफाय जोडलेलं दिसतं, पण व्हिडिओ दर थोड्या वेळानं अडतो. फोनवर सगळं सुरळीत, म्हणजे राउटर निर्दोष. सगळं पुसून नव्यानं इन्स्टॉल करायची सुरसुरी अशाच वेळी येते! ती दाबून टर्मिनल उघडलं. 'आरएफकिल लिस्ट'नं सांगितलं, रेडिओ चालू आहे. मग 'डीमेसग'. कार्ड सापडलं का, फर्मवेअर चढलं का, सारं कर्नल तिथं नोंदवून ठेवतो. दोन्ही ठीक.

फर्मवेअरचं दुखणं जुनं. त्याचा सोर्स बहुधा खुला नसतो, म्हणून डेबियन हे लिनक्स वितरण ते आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. नेटसाठी फर्मवेअर हवं आणि फर्मवेअरसाठी नेट! २०२२ मध्ये डेबियनमध्ये यावर मतदान झालं, २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबत येतं. तत्त्वाला मुरड पडली खरी, पण मला पटलं.

आज मात्र दोषी निघाली वीजबचत. नेटवर्कमॅनेजरमध्ये 'वायफाय.पॉवरसेव्ह' ३ वर होतं, म्हणजे चालू. २ केलं, सेवा रीस्टार्ट केली, व्हिडिओ अखंड चालला. लॅपटॉपवर याची थोडी किंमत बॅटरी मोजते. डेस्कटॉपला बॅटरीच नाही, तेव्हा तिथं ही बचत बेलाशक बंद करा.