उलाळ

मोडनिंबला हायवे सोडून करकंब-पंढरपूरकडं वळलं की रस्त्याच्या कडेला नेहमीच काही ना काही बंद पडलेलं असतं. त्या दिवशी जुनी बजाज रिक्षा होती. मागचं झाकण वर, आणि चालक कोपरापर्यंत हात आत घालून काहीतरी चाचपत होता. त्यानं प्लग काढला, फुंकला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा बसवला. मागच्या सीटवरच्या आजी उतरायला तयार नव्हत्या. बूड इंजिनावर आणि लक्ष पंढरपुराकडं.

"का रं, हुतीय का न्हाई चालू?"

"हुतीय की मावशे. गरम झालीया, जरा दम खाऊ दे तिला."

रिक्षाच्या पाठीवर 'आरई' अशी अक्षरं होती. म्हणजे रिअर इंजिन. तेवढ्यावरनं मी थेट 1936 सालच्या जर्मनीत जाऊन पोचलो.

ऑटो युनियनची रेसिंग गाडी. रचना फर्डिनांड पोर्शे यांची. सोळा सिलिंडरचं सहा लिटर इंजिन चालकाच्या पाठीमागं, ताकद पाचशे वीस अश्वशक्ती. बाकीचे सगळे इंजिन पुढं ठेवून पळत असताना यांनी ते मागं नेलं आणि पेट्रोलची टाकी चालक आणि इंजिन यांच्या मधोमध बसवली. इंधन जळत गेलं तरी पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार फारसा बदलू नये, हा त्यातला हिशेब. कागदावर सुरेख. रस्त्यावर मात्र वळणात मागची बाजू अचानक सुटायची आणि अगदी पुढं बसलेल्या चालकाला ते उशिरा कळायचं.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या भागात उसाच्या बैलगाडीवर वाढलेल्या माणसाला 'उलाळ' म्हणजे काय ते ठाऊक असतं. मोळ्या मागं जास्त पडल्या की गाडी मागं कलते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला जुपण्या काचतात. चढाला तर बैल पुढचे पाय हवेत असल्यासारखे चालतात. लहानपणी गाडी भरताना मला वर चढवायचे, मोळ्या रचायला नव्हे, वजन म्हणून. "पुढं सरक, धुरीवर बस," असं खालून कुणीतरी ओरडायचं. मी सरकलो की जू हळूच खाली यायचं आणि बैलांची मान सैल पडायची. मग पुढच्या मोळ्या आणखी पुढं. गाडी फार पुढं दबली तर पुन्हा, "मागं हो." अंगापिंडानं मी काडीच, तरी त्या अर्ध्या-पाऊण हाताच्या सरकण्यानं एवढा ऊस शहाणा व्हायचा. कारखान्यापर्यंत मग मी त्याच जागेवर, ऊस सोलत, पाय बैलांच्या शेपटांशी. त्या शेपटांचा मार कुठल्या पुस्तकात वाचायला मिळत नाही.

अशा मागं जड ऑटो युनियनवर बर्न्ड रोझमायर हा तरुण मोटारसायकलवरून आला. आधी दुसरी कुठली रेसिंग गाडी चालवलेलीच नव्हती, त्यामुळं मोडायला जुन्या सवयीही नव्हत्या. 1936 चा युरोपियन विजेता तो. 28 जानेवारी 1938 ला फ्रँकफुर्ट-डार्मस्टाट महामार्गावर वेगाचा विक्रम करायला निघाला आणि आडव्या वाऱ्यात गाडी उडून गेला.

भार कुठं टाकायचा याचा सगळ्यात शहाणा विचार मात्र मोडनिंबच्या स्टेशनातूनच गेलेला आहे. बार्शी लाइट रेल्वेच्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं इंजिनाचा आणि डब्यांचा भार सगळ्या आसांवर सारखा वाटला, एका आसावर पाच टन, म्हणून हलक्या रुळांवरून अडीच फुटी गाडी दणक्यात धावली. 1897 मध्ये कुर्डुवाडी-बार्शी, नंतर मोडनिंबवरून पंढरपूर. हाच गृहस्थ पुढं पॅराशूट करायला लागला. ब्रॉडगेज आली, बरंच झालं म्हणा. पण त्या गाडीची शिट्टी ऐकलेली माणसं अजून तिच्याबद्दल सोयऱ्यासारखं बोलतात.

ऑटो युनियनच्या गाड्यांचं पुढं काय झालं? युद्ध संपल्यावर त्स्विकाऊजवळच्या खाणीत दडवलेल्या गाड्या सोव्हिएत सैन्यानं नेल्या. तिकडं त्या उघडल्या गेल्या, तपासल्या गेल्या आणि बऱ्याचशा भंगारात निघाल्या. पॉल आणि बार्बरा कारासिक या अमेरिकन जोडप्यानं वर्षानुवर्षं सोव्हिएत प्रदेशात फिरून सुटे भाग हुडकले. इंजिन एकीकडं, सांगाडा दुसरीकडं. इंग्लंडमधल्या क्रॉस्थवेट अँड गार्डिनर या कारखान्यानं त्यातून दोन गाड्या उभ्या केल्या आणि त्यातली एक, ऑटो युनियनचा वारसा सांगणाऱ्या ऑडीनं 2012 मध्ये परत घेतली. एवढं नवं घडवल्यावर ती गाडी जुनी म्हणायची का, यावर जाणकार भांडतात. माझं मत सोपं आहे. चालू होत असेल तर जुनी. काचेआड चकचकीत ठेवलेली आणि कधीच न पेटणारी गाडी मला पेंढा भरून ठेवल्यासारखी वाटते.

आपल्याकडंही मागं इंजिन असलेली एक गाडी झाली. शर्यतीची नव्हे, पोटापुरती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची मीरा. पहिली, दोन आसनांची, 1949 सालची. मग ते सुधारत गेले. 1970 च्या सुमाराच्या मीरेत पाण्यानं थंड होणारं दोन सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन पाठीमागं होतं, सस्पेन्शन रबरी होतं आणि किंमत साधारण बारा हजार रुपये धरलेली. एका माणसानं एवढं केलं! त्याच 1970 मध्ये दिल्लीत संजय गांधींच्या छोट्या गाडीला सरकारी इरादापत्र मिळालं. मीरेचा कारखाना मात्र उभा राहिला नाही आणि 1975 च्या आसपास ते काम थांबलं. याचा राग मला अजून येतो, आणि तो योग्यच आहे असं माझं म्हणणं आहे.

शर्यतीच्या गाडीसाठी लोक अर्धी दुनिया पालथी घालतात. मीरेसाठी इचलकरंजी-जयसिंगपूरच्या माळ्यावर चढलं तरी पुष्कळ. तुमच्या आजोबांच्या वर्कशॉपात तिचा एखादा भाग, नकाशा, फोटो पडला असेल तर किलोच्या भावानं देऊ नका. आधी कुणा जाणत्या फिटरला दाखवा.