शाई प्यालेलं लाकूड

माझ्या बोटीची रुंदी 6 फूट 10 इंच. शेगडी आणि पलंग यांच्यामधल्या फळीवर लाकूड कातायचं छोटं लेथ बसवलंय. पेनाहून मोठं काही कातावं एवढी जागाच नाही आणि तशी इच्छाही आता उरलेली नाही.

इंग्लंडच्या केनेट अँड एव्हन कालव्यावर मी राहतो. कायमचा धक्का नसलेल्या बोटीला इथे एका जागी साधारणपणे 14 दिवसच थांबता येतं. मग दोर सोडायचे आणि पुढे निघायचं. लेथ चालतं बॅटरीवर, बॅटरी टपावरच्या सौरपट्ट्यांवर. डिसेंबरात ऊन इतकं तिरपं, की दिवसाकाठी एक पेन झालं तरी पुष्कळ. शेजारून बोट गेली की माझी डुलते. लांबून इंजिनाची धडधड ऐकू आली की पटाशी धरलेला हात आपोआप मागे येतो.

पेनाचं काम दिसायला सोपं. बोटभर जाडीचा तुकडा घ्यायचा, मधोमध 7 मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात पितळी नळी चिकटवायची आणि कातायला घ्यायचं. टोकाशी नळीभोवती लाकूड उरतं जेमतेम अर्धा मिलिमीटर. लाकूड ओलं असेल तर ते सुकताना आकसतं. पितळ मात्र तसूभर हलत नाही. मग लाकडालाच फाटावं लागतं.

हे मला एका दरवाजाने शिकवलं. डेव्हायझेसजवळ केन हिलवर 29 लॉक आहेत, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करून बोट चढवणारे-उतरवणारे दरवाजेबंद हौद. त्यांतले 16 एका सरळ ओळीत टेकडी चढतात. लॉकचे दरवाजे ओकचे, साधारण पंचवीस वर्षं पाण्यात उभे राहणारे. अशाच एका बदललेल्या दरवाजाचा तुकडा मला मिळाला. महिन्याभरातच घाईने पेन केलं. तिसऱ्या दिवशी ते उभं तडकलं.

उरलेल्या तुकड्याच्या टोकांना मेण लावून तो पलंगाखाली, शेगडीपासून लांब ठेवला. दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा. मी दर पंधरवड्याला जागा बदलत होतो, लाकूड आपल्या गतीने सुकत होतं. दोन हिवाळ्यांनी वजन घटायचं थांबलं.

तो तुकडा कापला तेव्हा लोखंडी बोल्टाच्या भोकाभोवती निळसर काळी रेघ दिसली. ओकमधलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटली की असा रंग धरतो. आजी सांगायची, तिच्या घरी हिरडा उकळून त्यात हिराकस घालत आणि शाई करत. युरोपात ओकवरच्या गाठींपासून शतकानुशतकं तशीच शाई होत आली. हिरड्यातलं टॅनिन, हिराकशीतलं लोह. हाच मेळ या दरवाजात पाण्याखाली वर्षानुवर्षं जमत होता. पेन व्हायच्या आधीच हे लाकूड शाई प्यालं होतं.

पूर्वी असे डाग मी कापून टाकायचो. आता नवा तुकडा हाती आला की आधी बोल्टाचं भोक शोधतो.