बिनपासाची पायपीट

मॉरिशसला निघालो म्हटलं की लोक डोळे मिचकावत विचारतात, "सेकंड हनीमून का?" लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या जोडप्याने याला काय उत्तर द्यायचं? आम्ही निघालो होतो डोंगर चढायला. मला समुद्रात पोहता येत नाही आणि बायकोला वाळूत पडून राहणं जमत नाही. दोघांना जमतं ते चालणं. मराठवाड्यातून नोकरीसाठी पुण्यात आल्यापासून रविवारी कुठला तरी गड गाठायचा, ही सवय लागली ती लागलीच.

मॉरिशसचं मुख्य बेट 1,865 चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं. सगळ्यात उंच शिखर 828 मीटर. कळसूबाईच्या निम्मंच म्हणा ना. पण इथले डोंगर समुद्रसपाटीच्या जवळून एकदम उठतात, त्यामुळे उंची कमी असली तरी दम पुरेसा लागतो. मे महिना चालायला फार चांगला. आपल्याकडे अंग भाजून निघतं तेव्हा तिकडे हिवाळा तोंडावर आलेला असतो. भारतीयांना आगाऊ व्हिसा लागत नाही. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता पाहिला, शिक्का मारला, संपलं. बायकोने मात्र पिशवीतून कागदांची जाडजूड फाईल काढून तयार ठेवली होती. ती न उघडताच परत आत गेली. तेव्हा आम्ही हसलो. पुढे त्या फाईलची आठवण वारंवार निघणार होती.

पहिला डोंगर ल पूस. फ्रेंचमध्ये पूस म्हणजे अंगठा. माथ्यावरचा कातळ खरंच मूठ वळून अंगठा वर केल्यासारखा दिसतो. उंची 812 मीटर. मोका गावाच्या बाजूने वाट आधी उसाच्या फडांतून जाते, मग झाडीत शिरते आणि शेवटची काही मिनिटं हात टेकून चढावं लागतं. वर गेल्यावर एका बाजूला राजधानी पोर्ट लुई, तिचं बंदर आणि घोड्यांच्या शर्यतीचं मैदान दिसतं. दुसऱ्या बाजूला डोक्यावर धोंडा ठेवल्यासारखा पीटर बोथ. बाकी जिथे नजर जाईल तिथे ऊस.

या डोंगरावर 1836 मध्ये चार्ल्स डार्विनही चढला होता. बीगल जहाज परतीच्या वाटेवर इथे थांबलं होतं. त्याच्या प्रवासवर्णनात इथल्या हिंदुस्थानी कैद्यांचा उल्लेख आहे. सुमारे 800 माणसं, जन्मठेपेवर आणलेली, सार्वजनिक कामांवर जुंपलेली. त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांचं त्याला नवल वाटलं होतं. हे कैदी बंगालमधून आले तसे मुंबई इलाख्यातूनही आले. बेटावरचे कितीतरी रस्ते त्यांच्या हातचे आहेत. उतरताना मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपन सुट्टी मनाने आए सो रास्ते पे कौन कौन आए होंगे?" आम्ही घरात दखनीच बोलतो. तिचा प्रश्न मला तेव्हा नुसता बोलण्यापुरता वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रिपरिप. डोंगर ढगात. म्हणून मेट्रोने पोर्ट लुईला गेलो आणि आप्रवासी घाट पाहिला. 2006 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. पाहायला गेलं तर फार काही नाही. दगडी भिंती, काही खोल्या आणि सोळा पायऱ्या. 1849 ते 1923 या काळात हिंदुस्थानातून करारावर आणलेली जवळपास पाच लाख माणसं इथून बेटावर आली. सुरुवात त्याही आधीची, 2 नोव्हेंबर 1834 ची. गुलामी बंद होणार हे दिसू लागल्यावर ऊसमळ्यांना मजूर हवे होते. बिहारमधून, तमिळ आणि तेलुगू मुलखातून, तसंच मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची मराठी माणसंही गेली.

तिथल्या प्रदर्शनात आम्ही अडीच तास काढले. मजूर उतरला की त्याला नंबर मिळायचा. नोंदवहीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव आणि अंगावरची खूण. कामावर एक दिवस गैरहजर राहिला की दोन दिवसांची मजुरी कापली जायची. हे वाचून बायको लगेच म्हणाली, "खाडा!" आमच्या भागातल्या ऊसतोड जोडप्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाई आजारी पडली, बाळंत झाली, तरी मुकादम खाडा लावतो. आमच्या गल्लीतली अर्धी घरं दिवाळीनंतर कारखान्यावर जायची. त्यात आमच्या जमातीची घरंही होती.

खरा धक्का पुढे होता. कराराची मुदत संपली तरी माणूस मोकळा होत नसे. 1867 च्या कायद्याने जुन्या मजुरांना फोटो लावलेलं तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ ठेवणं बंधनकारक केलं. आपल्या हद्दीबाहेर पासाशिवाय सापडला, तर तो भटका ठरायचा. मग अटक, दंड, कैद. पोलीस अशांना पकडण्यासाठी मोहिमा काढायचे. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ नावाच्या मळेवाल्याने या छळाविरुद्ध अर्ज तयार केला. त्यावर 9,401 जुन्या मजुरांनी नावं घातली. गोऱ्या मळेवाल्यांनी द प्लेविट्झला भररस्त्यात मारहाण केली. पण अर्जामुळे चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1875 मध्ये त्याचा अहवाल आला.

म्हणजे काल ज्या उसातून आम्ही पाठीवर सॅक टाकून, शीळ घालत गेलो, त्याच मुलखात दीडशे वर्षांपूर्वी आमच्यासारख्या रंगाच्या माणसाने नुसतं चालणं हा गुन्हा होता. बहिणीला भेटायला दुसऱ्या मळ्यावर निघालेला असो की नमाजेला निघालेला, आधी कागद दाखवायचा.

तिसऱ्या दिवशी ल मॉर्न. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला 556 मीटरचा कातळ. पर्यटकांच्या प्रत्येक फोटोत असतो. सुरुवातीची वाट रुंद आणि सोपी. मध्यावरून मात्र उभी चढण लागते, दगडाला बोटं रुतवत जावं लागतं. वाट अगदी माथ्यापर्यंत जात नाही. एका क्रुसापाशी थांबते. खाली समुद्राचे निळे-हिरवे पट्टे, प्रवाळाची पांढरी कड.

या कातळावर मळ्यांतून पळालेले गुलाम लपून राहायचे. आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेले. असं सांगतात की 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, तेव्हा ते आपल्याला धरायलाच आलेत असं समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही तोंडोतोंडी चालत आलेली कथा. लोक वर राहत होते याच्या खुणा मात्र सापडल्या आहेत. 2008 मध्ये ल मॉर्नही जागतिक वारसास्थळ झालं. एवढ्याशा देशात दोनच वारसास्थळं. एक पळून गेलेल्यांचं, दुसरं त्यांच्या जागी आणलेल्यांचं.

वर आम्ही बराच वेळ बोललो नाही. मग बायको म्हणाली, "कथा खरी असो नसो, शिपाई दिसला की चांगली बातमी असेल असं त्यांना वाटलं नाही, एवढं तर खरंच आहे." ती मुलांना शाळेत इतिहास शिकवते. तारखांपेक्षा असलं काहीतरी तिच्या लक्षात राहतं.

तिचं हे बोलणं मला आमच्या गडांवर घेऊन गेलं. सह्याद्रीत फिरताना पार्किंगवाला, टपरीवाला, वाटेत भेटलेला एखादा ग्रुप सहज नाव विचारतो. विचारण्यात वाईट काही नसतं. बहुतेक वेळा नाव ऐकूनही चहा तितकाच गोड मिळतो. पण नाव सांगताना समोरच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते आम्ही दोघंही पाहतो आणि एकमेकांना सांगत नाही. गेल्या काही वर्षांत हे पाहणं वाढलंय. एकदा चार-पाच पोरांनी थांबवून विचारलं, "तुम्ही इथं कशाला?" बायकोने हातातली काठी दाखवली. "तुम्ही ज्यासाठी आलात त्यासाठी," म्हणाली आणि पुढे चालू लागली. मीही तिच्या मागे गेलो. त्या दिवशी गड पूर्ण केला, पण डबा मात्र तसाच घरी आला. गुलामांच्या, मजुरांच्या हालांशी याची बरोबरी करायची नाही. तसं करणं त्यांचा अपमान होईल. पण "इथं कशाला" या प्रश्नाचं वजन किती असतं, ते ठाऊक असलेल्या पायांना ल मॉर्न जरा जास्तच उंच लागतो.

परतताना टॅक्सी केली. चालक साठीचा, भोजपुरी मुसलमान. क्रिओलमध्ये फोनवर बोलायचा, आमच्याशी तुटक उर्दूत. बोलता बोलता मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेचा विषय निघाला. मजुरांच्या जुन्या नोंदवह्या आणि फोटो तिथे जपून ठेवलेत. त्यानेही जाऊन खापरपणजोबाची नोंद काढली होती. नंबर, जिल्हा, गाव आणि जातीच्या रकान्यात 'मुसलमान'. फोटोही मिळाला. त्याची प्रत आता दिवाणखान्यात लावली आहे. "घरात त्यांची दुसरी कुठलीच तसबीर नाही," तो म्हणाला.

पळाला तर ओळखून धरता यावा, म्हणून काढलेला फोटो. आज नातवंडं तो पाहुण्यांना अभिमानाने दाखवतात. 2024 मध्ये भारताने मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची सोय जाहीर केली. त्यासाठीही मूळ सिद्ध करायला असल्याच नोंदी कामाला येतात. ज्या कागदाने खापरपणजोबाला मळ्याला बांधलं, तोच कागद आता खापरपणतवाला भारताचं दार उघडून देतो.

बायको मागच्या सीटवर गप्प होती. 2019-20 च्या हिवाळ्यात आमच्या घरी कागदांची शोधाशोध झाली होती. तिच्या अम्मीचा जन्मदाखला कधी निघालाच नव्हता. माझ्या आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने. कुठे शेख, कुठे शेक, कुठे नुसतं बाबू. विमानतळावर न उघडलेली ती जाड फाईल तेव्हाचीच. पुढे कुणी ती मागितली नाही. तरी ती आमच्याबरोबर फिरते, औषधांच्या डब्यासारखी.

मॉरिशस म्हणजे स्वर्ग, असं मी लिहिणार नाही. स्वातंत्र्याच्या दोनच महिने आधी, जानेवारी 1968 मध्ये, पोर्ट लुईत मुसलमान आणि क्रिओल यांच्यात दंगल पेटली होती. ब्रिटिश फौज आणावी लागली. जखमा तिथेही आहेत. पण शुक्रवारी जामा मशिदीतल्या जुन्या बदामाच्या झाडाखाली उभा राहिलो, तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर चिनी दुकानं, कोपऱ्यावर दालपुरीची गाडी आणि आत क्रिओलमधलं बयान, हे सगळं एकमेकांना न अडवता चाललं होतं. इथे ईदला सुट्टी असते तशी गणेश चतुर्थीलाही. गणेश चतुर्थीची सुट्टी तर आपल्या मराठी माणसांच्याही वाट्याची.

शेवटच्या दिवशी गंगा तलावाकडे गेलो. डोंगरातलं हे तळं. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो लोक कावड घेऊन पायी इथे येतात. ही वारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, म्हणजे पासाच्या कायद्याची आठवण ताजी असताना. ज्यांच्या बापांना हद्द ओलांडल्यावर कैद झाली, त्यांनी चालून चालून सगळं बेट आपलं केलं. आम्हाला तिथे पुजाऱ्याने प्रसाद दिला. नाव विचारलं नाही. बायकोने केळं अर्धं करून मला दिलं.

तुम्ही जाणार असाल तर एवढंच सांगतो. समुद्र कुठे जात नाही, तो शेवटी बघा. आधी आप्रवासी घाटावर अर्धा दिवस काढा, मग ल पूस आणि ल मॉर्न चढा. ल मॉर्नला सकाळी लवकर निघा, पाणी दोन लिटर ठेवा, चांगल्या पकडीचे बूट घाला. आणि फडातून जाताना वाटेत कुणी अडवलं नाही, कागद मागितला नाही, याकडे मुद्दाम लक्ष द्या. सुट्टीतली ही सगळ्यात मोठी चैन आहे.