कौल

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. जगात काहीही घडो, त्याचे लक्ष आधी शब्दाकडे जाते. घर जळत असले तरी 'आग लागली' म्हणावे की 'पेट घेतला' म्हणावे याचा विचार करीत ही बाई अंगणात उभी राहील, असे माझ्या घरची मंडळी म्हणतात. आणि त्यात अगदीच अतिशयोक्ती आहे असे मला म्हणवत नाही.

२०१८ सालच्या २७ मेची सकाळ. कॉलेजला सुट्टी लागलेली, आणि मी नेहमीप्रमाणे पुण्याहून बेळगावला माहेरी आलेली. ओसरीवर अप्पांच्या शेजारी बसून मी वर्तमानपत्र उघडले. आयर्लंडमधल्या सार्वमताची बातमी होती. गर्भपातावरची राज्यघटनेतली बंदी उठवावी, असा कौल तिथल्या जनतेने दिला होता. बातमी मोठी होती खरी. पण माझे मन अडकले ते 'कौल' या शब्दात.

आमचे मूळ गाव आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे गेले की लागते. त्या मुलखात कौल म्हणजे नुसता मतदानाचा निकाल नव्हे. लग्न जमेना, दुखणे हटेना, घरात काही अडले, की ग्रामदेवतेला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे, आणि सगळ्यांनी हात जोडून बघत राहायचे. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लहानपणी मी ते पाहिले आहे. पाकळी पडेपर्यंत कोणी खोकतसुद्धा नसे.

तेवढ्यात अप्पांचे दोन स्नेही आले. एक निवृत्त हेडमास्तर, दुसरे पोस्टातून निवृत्त झालेले. रविवारचा चहा आमच्याकडे, हे त्या दोघांनी कित्येक वर्षे गृहीतच धरले होते. बातमी त्यांनीही वाचली होती.

पोस्टातले काका आनंदात होते. "अहो, तिथला पंतप्रधान वराडकर आपलाच की! मालवणाजवळचं वराड गाव. बाप मुंबईहून डॉक्टर होऊन गेला, आणि पोरगा बघा कुठं पोचला!"

"पोचू दे हो," हेडमास्तर म्हणाले, "पण पापपुण्य काय मतं मोजून ठरवायचं असतं? उद्या दोन आणि दोन पाच, असाही कौल घेतील."

"आपल्याकडं हा घोळ झालाच नाही," अप्पा म्हणाले. "१९७१ सालीच कायदा झाला. त्याआधी शहाण्या माणसांची समिती नेमली, तिनं अहवाल दिला, संसदेनं कायदा केला. ना सभा, ना मिरवणुका. समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह. आपल्या महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री!" जन्मभर बेळगावात राहून 'आपल्या महाराष्ट्राचे' म्हणताना अप्पांचा आवाज हमखास चढे.

असा त्या दूरच्या देशाचा निकाल आमच्या ओसरीवर बराच वेळ चालला होता. तेवढ्यात आई आंब्याच्या फोडी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आणि आपल्या सविताचं नाव घेतात की नाही ते लोक?"

तिघेही गप्प झाले. त्यांच्या बोलण्यात ते नाव आलेच नव्हते.

सविता हालप्पनवार ही आमच्या बेळगावची मुलगी. दंतवैद्य झाली, लग्न होऊन आयर्लंडला गेली, गॉलवे नावाच्या शहरात राहत होती. २०१२ च्या ऑक्टोबरात, सतरा आठवड्यांची गरोदर असताना, तिला त्रास होऊ लागला आणि इस्पितळात न्यावे लागले. मूल वाचणार नाही, हे डॉक्टरांना कळून चुकले होते. तसे असेल तर मला मोकळी करा, अशी तिने विनवणी केली. पण पोटातल्या जिवाचे ठोके चालू होते, आणि ते चालू आहेत तोवर कायद्याने काही करता येत नाही, असे तिला सांगण्यात आले. 'हा कॅथलिक देश आहे' असेही तिला ऐकावे लागले. तसे आपण बोललो होतो, हे एका सुईणीने पुढे चौकशीत कबूल केले. उपचारांतली हयगयही त्या चौकशीत उघडकीला आली. रक्तात विष भिनून २८ ऑक्टोबरला सविता गेली. वय एकतीस.

ही बातमी जगाला कळली १४ नोव्हेंबरला. त्या दिवशी पाडवा होता. भाऊबिजेसाठी मी बेळगावातच होते. दुसऱ्या दिवशी भावाला ओवाळताना आतल्या खोलीत टीव्हीवर तिचा हसरा फोटो पुन्हा पुन्हा दाखवीत होते. मी तिच्याच वयाची. तिचे घर कन्नड, आमचे मराठी. आमच्या गावात या दोन शब्दांवरून काय काय होते ते तुम्हांला ठाऊकच आहे. पण त्या दिवशी आमच्या गल्लीत सगळेजण 'आपली सविता' असेच म्हणत होते.

आता आयर्लंडची गोष्ट थोडी मागून सांगते. तिथल्या घटनेत १९८३ साली आठवी दुरुस्ती झाली आणि आईच्या जगण्याचा हक्क व पोटातल्या मुलाच्या जगण्याचा हक्क सारखाच ठरला. ती दुरुस्तीही सार्वमतानेच झाली होती, कारण तिथे घटना बदलायची तर जनतेला विचारावेच लागते. तेव्हा ६६.९ टक्के मते त्या कलमाच्या बाजूने पडली. पुढे १९९२ साली बलात्काराने गरोदर राहिलेल्या चौदा वर्षांच्या एका मुलीला इंग्लंडला जाण्यास न्यायालयाने बंदी केली, आणि सारा देश हादरला. वरिष्ठ न्यायालयाने ती बंदी उठवली, इंग्लंडला जाण्याची मुभाही लोकांनी सार्वमताने दिली. पण कलम तसेच राहिले. इथे होत नाही ते समुद्र ओलांडून करून यायचे, आणि घरी आल्यावर कोणाशी बोलायचे नाही, असा रिवाजच पडला. सार्वमताआधीच्या वर्षांतही साल काठी तीन हजारांवर बायका अशा जात होत्या.

२०१८ साली तोच प्रश्न पुन्हा जनतेपुढे आला. ते कलम काढावे आणि कायदा करण्याचा अधिकार संसदेला द्यावा, या बाजूने पडली ६६.४ टक्के मते. पस्तीस वर्षांपूर्वी जवळजवळ तेवढीच मते नेमकी उलट बाजूला होती. चाळीस मतदारसंघांपैकी एकट्या डोनेगालने 'नाही' म्हटले.

त्या सुट्टीत मी मोबाइलवर या प्रकरणाचे मिळेल ते वाचीत सुटले होते. परदेशी गेलेल्या बहुतेकांना तिथे टपालाने मत देता येत नाही. म्हणून तरुण मुलेमुली आगबोटी आणि विमाने पकडून एका मतासाठी घरी आली. बंदरावर, विमानतळावर अनोळखी लोक त्यांच्या स्वागताला उभे होते. डब्लिनमधल्या एका भिंतीवर सविताचे मोठे चित्र रंगवलेले होते. लोक येत, कागदाच्या छोट्या चिठ्ठ्यांवर दोन ओळी लिहीत आणि त्या तिच्या चित्राभोवती चिकटवून जात. पुष्कळ चिठ्ठ्यांवर फक्त क्षमा मागितलेली होती. निकाल जाहीर झाला तेव्हा डब्लिनच्या किल्ल्याच्या आवारातल्या गर्दीने तिच्या नावाचा घोष केला. ते मी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "एवढी माणसं नाव घेतात, आणि ऐकायला ती नाही."

दुसऱ्या बाजूलाही दुःख होते. सात लाखांहून अधिक माणसांनी 'नाही' म्हटले होते, आणि त्यांत वयस्क माणसांचा भरणा मोठा होता. आपला देश आपल्या डोळ्यांदेखत परका झाला, असे त्यांतल्या अनेकांना वाटले. ज्यांनी 'होय' म्हटले त्यांनी पापनिवेदनाला यावे, असे एका बिशपांनी सुचवले. या माणसांना मी दुष्ट म्हणणार नाही. पोटातल्या जिवाची ज्यांना काळजी वाटते, त्यांच्या डोळ्यांत पाणी येणारच. आमचे हेडमास्तरही दुष्ट नव्हते. त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ पुरते उत्तर तेव्हाही नव्हते, आजही नाही.

पण मला सगळ्यांत नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. मतदानानंतरच्या पाहणीत पुष्कळांनी सांगितले की, त्यांचे मन वळले ते भाषणांनी नव्हे, तर बायकांनी स्वतः सांगितलेल्या हकिकतींनी. ज्या बायका वर्षानुवर्षे गप्प होत्या, त्या बोलू लागल्या. कोणाची आई बोलली, कोणाची मावशी बोलली. जेवणाच्या टेबलावर मुलांना आपल्या आईची गोष्ट पहिल्यांदा कळली.

दुपारी आई स्वयंपाकघरात हाताला तेल लावून फणस फोडीत होती, तेव्हा हे मी तिला सांगितले. ती गरे काढीत राहिली. मग म्हणाली, "मलाही एकदा नेलं होतं."

मला आधी कळलेच नाही.

"तुझा भाऊ आठ महिन्यांचा होता. तू चार वर्षांची. १९८४ साल. मला पुन्हा दिवस गेले. अंगात रक्त नव्हतं, उठले की घेरी यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे हिला झेपायचं नाही, मोकळी करूया. तुझ्या आजीला ते पटेना. त्या गावाला गेल्या, देवीला कौल लावला. उजवा पडला. मग मला नेलं."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"डॉक्टरीणबाईंनी यांना विचारलं, यांनी सासूबाईंना विचारलं, सासूबाईंनी देवीला विचारलं. मला तेवढं कोणी विचारलं नाही."

"अगं पण सही? कायद्यानं फक्त बाईचीच संमती लागते. नवऱ्याचीसुद्धा लागत नाही."

"केली की सही. कुठं करायची ते यांनी बोट ठेवून दाखवलं. कायद्याला काय ठाऊक, बोट कुणाचं होतं?"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"ते आता कसं सांगू?" आई म्हणाली. "कदाचित 'हो'च म्हटलं असतं. पण कुणी विचारलं असतं, तर मी दोन रात्री जागून विचार केला असता, एकदा पोटभर रडले असते, आणि मग सांगितलं असतं. ते व्हायचं राहिलं." थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "आणि डावा पडला असता तर? भाऊबिजेला त्या पोरीचा फोटो बघितला तेव्हा हेच मनात आलं. तिला डावा पडला."

इतका वेळ ओसरीवरच्या झोपाळ्याची कडी करकरत होती. ती थांबली होती, हे माझ्या आता ध्यानात आले.

त्या दिवसापासून अप्पांचा तो अभिमान आठवतो आणि मी विचारात पडते. आपला कायदा आयर्लंडच्या कितीतरी आधी आला, आणि त्याने असंख्य बायकांचे प्राण वाचवले, यात शंका नाही. पुढे २०२२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही तोच हक्क दिला. पण समितीच्या अहवालातून आलेला तो हक्क कित्येक घरांत उंबऱ्यापाशीच थांबला. आत काय करायचे ते घरची मंडळी ठरवीत. मुलगी आहे म्हणून पोट पाडायला लावणारी घरेही आपल्याकडे निघाली. ती थांबवायला १९९४ साली वेगळा कायदा करावा लागला. त्या घरांतही बाईची सही होतीच.

तेव्हा हेडमास्तरांच्या प्रश्नाला मी माझ्यापुरते एवढेच म्हणते : मते मोजून पापपुण्य ठरत नाही, हे खरे. पण आयर्लंडमधल्या लोकांनी पापपुण्य ठरवलेच नाही. पहिल्या बारा आठवड्यांत हा निर्णय जिचा तिच्यावर सोपवावा, असा कायदा तिथे त्या सार्वमतानंतर झाला आणि १ जानेवारी २०१९ पासून अमलात आला. त्याला सविताचे नाव द्यावे, असे तिच्या वडिलांनी म्हटले होते. तसे अधिकृत नाव काही दिले गेले नाही.

सुट्टी संपली. अप्पा मला पोचवायला बसस्टँडवर आले. चार दिवस ते फारसे बोलले नव्हते. गाडी लागल्यावर माझी पिशवी वर देत ते म्हणाले, "तिला विचारायला पाहिजे होतं. तेव्हा ते मनातच आलं नाही बघ. तिची काळजी एवढी होती, की तिलाच विचारायचं राहून गेलं."

"अप्पा, हे मला कशाला सांगता? आईला सांगा."

त्यांनी मान हलवली. गाडी सुटली.

अप्पा आता नाहीत. ते त्यांनी आईला सांगितले की नाही, मला ठाऊक नाही. दर दिवाळीला मी बेळगावला जाते, आईपाशी बसते, आणि तो प्रश्न जिभेवर येऊन परत जातो. यंदा भाऊबिजेला विचारीन म्हणते.