वाघ बोलते का जी?

गडचिरोलीत राहणाऱ्या माणसानं वाघ बघण्यासाठी भर एप्रिलात ऐंशी किलोमीटरवरच्या चंद्रपूरला जावं, आणि तेही टॉकीजमध्ये तिकीट काढून, याला काय म्हणावं? आमच्या हिला जे म्हणायचं होतं ते तिनं निघतानाच म्हणून घेतलं. "रात्री थोडा वेळ मागच्या अंगणात बसलात तर फुकट दिसेल," हे त्यातलं सर्वांत सौम्य वाक्य.

दोष माझा नव्हता, चिरंजीवांचा होता. गोष्ट २०१६ सालची. 'द जंगल बुक' लागला होता आणि चिरंजीव तो वडिलांबरोबर बघण्यासाठी पुण्याहून रजा काढून आले होते. एकोणतीस वर्षांचा, घराचे हप्ते भरणारा माणूस. पण चेहरा दहावीच्या निकालाच्या सकाळी होता तसा.

"बाबा, चांगला नसला तर?"

"तर पैसे गेले."

"पैशांचं नाही हो. मग तो जुनाही जाईल."

हा 'जुना' म्हणजे १९९३ सालचा. जपान्यांनी १९८९-९० मध्ये ५२ भागांचं मोगलीचं कार्टून काढलं होतं. ते दूरदर्शनवर रविवारी सकाळी हिंदीतून लागायचं. गुलजारांचं ते चड्डीचं गाणं सुरू झालं की आमच्या गल्लीतली सगळी पोरं आमच्या बैठकीत. आमचा संच कृष्णधवल. त्यात बघीराचं काही नुकसान झालं नाही. शेरखान मात्र झेब्र्याचा दूरचा नातेवाईक वाटायचा. कार्टूनमधला मोगली बूमरँग फेकायचा आणि ते परत त्याच्या हातात यायचं. आमच्या गल्लीत प्लायवूडची बूमरँगं तयार झाली. ती मात्र गेली ती गेलीच. एक तेवढं परत आलं, तेही शेजारच्या काकूंच्या हातून, फुटलेल्या कौलाच्या हिशेबासकट.

शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा. तो आवाज आला की चिरंजीव माझं मनगट घट्ट धरायचे. पुढे जाहिराती लागल्या तरी सोडायचे नाहीत.

खिडकीबाहेर काठी टेकून गल्लीतली गुरं राखणारे काका उभे असत. आत या म्हटलं तरी येत नसत. गुरांकडे एक डोळा ठेवावा लागे. मूलकडच्या गावी असताना वाघानं त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची गाय नेली होती. त्यामुळे या विषयातले आमच्याकडचे एकमेव तज्ज्ञ तेच. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, "वाघ बोलते का जी?"

"कार्टून आहे काका."

"तसं नाई जी. वाघ बोलत नाई. तो आला का जंगलच चूप होते."

पण पुढच्या रविवारी काका पुन्हा हजर. खोटा वाघ निदान गाय नेत नाही, हा त्याचा गुण त्यांनी मानला असावा.

चिरंजीवांची भीती मला कळत होती. चिं. वि. जोशांचा चिमणराव आम्ही पुस्तकात वाचला तेव्हा तो घरोघरी वेगळा होता. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आले आणि चिमणराव कायमचे त्यांच्यासारखे दिसू लागले. काम इतकं झकास की तक्रार कोणत्या तोंडानं करणार? पण माझा स्वतःचा चिमणराव, जो थोडासा आमच्या हेडक्लार्कसारखा दिसायचा, तो कुठे गेला कुणास ठाऊक. पुस्तक उघडून पुष्कळदा शोधला. सापडला नाही.

तर भाड्याच्या गाडीत आम्ही तिघं निघालो. तिसरे म्हणजे गुराखीकाका. "त्यांच्याशिवाय जंगल बुक कसं बघणार?" हा चिरंजीवांचा हट्ट. गाव सोडताच वैनगंगेचा पूल लागला.

"ही नदी पुस्तकात आहे," चिरंजीव म्हणाले. "शेरखान हिच्याच काठी राहतो."

आणि ते खरं आहे. किपलिंग जन्मला मुंबईत. १८९४ सालचं हे पुस्तक त्यानं लिहिलं अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, बर्फात बसून. गोष्ट घडते सिवनीच्या डोंगरात. वैनगंगा तिकडेच उगम पावते, भंडाऱ्यावरून खाली येते, आमच्या आणि चंद्रपूरच्या मधून वाहते आणि चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते. म्हणजे शेरखान आमच्या नदीच्या माहेरचा निघाला! एवढं जवळचं नातं असून आम्हांला तो जपान्यांनी दाखवावा लागला.

"आणि हा सिनेमा लाइव्ह अ‍ॅक्शन आहे," चिरंजीवांनी माहिती पुरवली.

"म्हणजे?"

"म्हणजे चित्रं नाहीत, खरं."

"मग जंगल खरं?"

"नाही, ते संगणकावर केलंय. सगळं लॉस एंजलिसच्या स्टुडिओत."

"वाघ?"

"तोही संगणकावर."

"मग खरं काय?"

"मोगली," चिरंजीव जरा खालच्या आवाजात म्हणाले. "न्यूयॉर्कचा मुलगा आहे. नील सेठी."

"आणि लंगोटी?"

"ती खरी असावी."

टॉकीजमध्ये गारवा होता. बाहेर चंद्रपूरचा एप्रिल होता, त्यामुळे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले. काकांनी उपरणं कानाभोवती गुंडाळलं आणि विचारलं, "सकाळी किती वाजता सुटते?" झाडीपट्टीतली नाटकं रात्रभर पाहिलेला माणूस तो. पावणेदोन तासांत सुटतो म्हटल्यावर त्यांचं सिनेमाबद्दलचं मत तिथेच उतरलं.

डिस्नेनं हा सिनेमा आपल्याच १९६७ च्या कार्टूनवरून काढला होता. पण इथलं मर्म त्यांनी ओळखलं होतं. अमेरिकेच्या आठवडाभर आधी तो भारतात लावला, ते चड्डीचं गाणं नव्यानं करून घेतलं, आणि हिंदीतला शेरखान पुन्हा नाना पाटेकरांवर सोपवला. पडद्यावर संगणकाचा वाघ आला. पट्टे मोजून घ्यावेत इतका खरा. चिरंजीव ताठ बसले होते, परीक्षकासारखे. मग तो वाघ बोलला.

माझ्या मनगटावर हात आला.

तेवीस वर्षांत हात चांगलाच वजनदार झाला होता. मी काही बोललो नाही. पडद्याकडेच बघत राहिलो, नाहीतर त्यानं काढून घेतला असता. जुना गेला नव्हता, एवढं मला कळलं.

शेवटी शेरखान आगीत पडतो. बाहेर आल्यावर मी काकांना विचारलं, "कसा वाटला?"

"पोरगा बेस होता जी. पन वाघाले मारायले नोको होतं."

"अहो, तुमची गाय नेली ना वाघानं?"

"नेली नं. पन बोलला नाई."

परतताना संध्याकाळ झाली. मूलच्या अलीकडे जंगलात गाडी तापली. ड्रायव्हर बॉनेट उघडून पाणी घालू लागला. आम्ही पाय मोकळे करायला उतरलो. रातकिड्यांनी कान किटले होते. ते अचानक थांबले. झाडावरची चिवचिव थांबली. ड्रायव्हरच्या हातातली बाटली अर्ध्यावर राहिली.

"गाडीत बसा," काका हळूच म्हणाले.

बसलो. काचा वर केल्या. पाच मिनिटं गेली. काही दिसलं नाही. मग एक रातकिडा बोलला, मग दुसरा, मग सगळे. मनगटावर पुन्हा हात होता. या खेपेला कोणी कोणाचं धरलं होतं ते सांगत नाही.

"काका, होता?" चिरंजीवांनी विचारलं.

"बोलला का?"

"नाही."

"मंग होता."

घरी आल्यावर हिनं विचारलं, "काय, दिसला का वाघ?"

"दोन होते. एक दिसला, एक नाही दिसला."

"आणि तिकीट?"

"जो दिसला त्याचंच होतं."