फ्रिज थांबतो तेव्हा...

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की घरच्यांच्या लेखी आपण मिक्सर, पंखा, इस्त्री, सगळ्यांचे डॉक्टर! आमच्या राजारामपुरीतल्या घरात तक्रार आली ती फ्रिजची. आज्जी स्वयंपाकघराला लागूनच झोपते. रात्रीत कितीदा तरी फ्रिज बंद होताना 'धाड्'कन हादरतो, वरचे स्टीलचे डबे खणखणतात आणि तिची झोप मोडते. "जरा डोळा लागतोय तोवर ह्यो दणका! रात्रीचा बंदच ठेव जा त्यो." पण फ्रिजमध्ये तिचंच इन्शुलिन. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांतच ठेवायला लागतात. आता काय करणार?

गंमत म्हणजे चालू असताना या फ्रिजचा काही त्रास नाही. थांबतानाच मेला लाथ मारतो. कॉम्प्रेसरच्या काळ्या डब्यात मोटर आणि पंप स्प्रिंगांवर बसवलेले असतात. मिनिटाला साधारण २९०० फेरे चालू असताना थरथर स्प्रिंगाच पचवतात. करंट तुटला की वेग झपकन उतरतो, आणि उतरताना स्प्रिंगांच्या नॅचरल फ्रिक्वेन्सीतून जातो. टॉमच्या ओरलला विचारतात तो रेझोनन्स हाच, फक्त इथं तो आज्जीच्या उशाशी! त्यात शेवटचा कॉम्प्रेशन स्ट्रोक पुरा करायला जोर उरत नाही. दाबलेला गॅस पिस्टनला मागं रेटतो, क्रँक उलटा झटका खातो आणि पंप आतल्या आत आदळतो.

डबा वेल्डिंग केलेला, त्यामुळं आतलं काही आपल्या हातात नाही. (असे हर्मेटिक कॉम्प्रेसर किर्लोस्कर कोपलँडने आपल्यापासून जेमतेम ७० किलोमीटरवर, कराडला बनवले.) मग उद्यमनगरातल्या एका मेकॅनिकमामांना बोलावलं. टॉर्च मारून म्हणाले, "कॉम्प्रेसर झकास हाय. खालची रबरं वाळून दगड झाल्यात बघ." चारी बदलली. मी नट पिळायला लागलो तर ओरडले, "आवळू नगंस! त्यो तरंगला पायजे." खरंच, बोल्टवर एक बारीक नळी असते. नट तिच्यावर बसतो, रबर मोकळं राहतं. एक तांब्याची पाईप पत्र्याला टेकत होती, ती मामांनी हलक्या हातानं बाजूला केली. पाय फिरवून फ्रिज लेव्हलला आणला. मागच्या जाळीवर बोटभर धूळ होती, ती झाडली. जाळी स्वच्छ असली की उष्णता लवकर जाते, डिस्चार्ज प्रेशर कमी राहतं, म्हणजे शेवटची लाथही कमी. डबे मात्र आईनं स्वतःच उतरवले.

आता 'टुक्' एवढाच आवाज येतो. पूर्ण गेलेला नाही, जाणारही नाही. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये वेग आधी हळूहळू उतरवता येतो, म्हणून ते गुपचूप थांबतात. पण त्यांची किंमत ऐकून बाबाच गुपचूप झाले.

कुणाला हे करून बघायचं असेल तर आधी पिन काढा. आणि काम झाल्यावर लगेच चालू करू नका, पाचेक मिनिटं दोन्हीकडची प्रेशर्स सारखी होऊ द्यात. स्टॅबिलायझरमध्ये टाइम डिले असतो तो त्यासाठीच.